आठवी 'ड'

२०१४ च्या एप्रिलमधल्या शेवटच्या शनिवारी पनवेलच्या एका अनुदानित शाळेत आठवी 'क'मधल्या एकेचाळीस मुलांच्या पालकांना प्रगतिपत्रकाबरोबर एक छापील कागद देण्यात आला. पाल्याने नववीला नेहमीचे गणित न घेता सामान्य गणित घ्यावे, अशी शिफारस त्यावर होती. खाली पालकाच्या सहीसाठी जागा होती. शिफारशीचे कारण एका ओळीत दिले होते : 'कठीण पातळी – शून्य टक्के.' एकेचाळीसही कागदांवर तोच आकडा होता.

सामान्य गणित घेऊन दहावी झालेल्या मुलाला अकरावीत विज्ञान शाखा मिळत नसे. ही गोष्ट कागदावर लिहिलेली नव्हती.

मी त्या शाळेत कंत्राटी संगणक शिक्षक होतो. तो आकडा ज्या यंत्रणेतून निघाला, ती मी चालवत होतो. ज्यांच्याविषयी हे लिहितो आहे ते गणित शिकवत आणि आठवीच्या तिन्ही तुकड्या त्यांच्याकडे होत्या. शाळेत त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. बाकीच्या शिक्षकांच्या नावापुढे सर लागे. यांना नाव लागत नसे.

सर मुलांना अहो-जाहो करत. तेरा वर्षांच्या मुलाला उभे करून ते म्हणत, "अहो म्हात्रे, आपण आत्ता खिडकीतून खाली थुंकलात. खालून मुख्याध्यापिका चालल्या होत्या. आपला नेम चुकला हे आपलं नशीब." वर्ग हसे, म्हात्रे हसे, आणि पुन्हा थुंकत नसे. शिक्षकांच्या खोलीत यावरून त्यांची टिंगल होई. इतिहासाचे एक शिक्षक दर आठवड्याला विचारत, "काय सर, अहो म्हटल्यावर वर्गमूळ निघतं का?" सर म्हणत, "अरे म्हटल्यावर निघतं का, ते तुम्ही सांगा. तुमचा अनुभव जास्त."

त्यांची दुसरी ओळख म्हणजे जुनी कॅलेंडरे. नवीन पनवेलमध्ये ते राहत त्या इमारतीत जानेवारी लागला की शेजारी गेल्या वर्षीची कॅलेंडरे त्यांच्या दाराला आणून अडकवत. सर कात्रीने तारखांचे चौकोन कापत आणि प्रत्येक चौकोनाच्या मागे एक गणित लिहीत. चौकोनाच्या कडेला मुलाचे नाव. एका तुकडीत चाळीस मुले असतील तर चाळीस चौकोन, आणि दोन चौकोन सारखे नसत. गणिताला क्रमांक नसे. तारीख हाच क्रमांक. त्यामुळे वर्गात असे बोलणे चाले :

"सर, माजी संकष्टी सुटली नाय."

"बसा, घरत. उद्या पुन्हा करून बघा. पाटील, तुमच्या एकादशीचं काय?"

"अर्धीच झाली, सर."

"मग आज अर्धं जेवा."

त्यांच्या पत्नी म्हणत, "आमच्या भिंतीवर चालू वर्षाचं कॅलेंडरसुद्धा सुरक्षित नाही. जुलैचं पान तीस तारखेलाच गेलं. एकतीस तारखेला गॅसवाला आला, तो म्हणाला, काकू, आज तारीख काय?"

तिसरी गोष्ट त्यांची नोंदवही, आणि पुढे जे घडले ते तिच्यावरून घडले. प्रत्येक मुलापुढे ते दोनपैकी एक खूण करत. गणित दिले आणि सुटले नाही, तर शून्य. गणित दिलेच नाही, तर आडवी रेघ. या दोहोंत गल्लत झालेली त्यांना खपत नसे. नव्या शिक्षिकेने एकदा गैरहजर मुलापुढे शून्य टाकले, तेव्हा सरांनी रबर आणून तिच्या टेबलावर ठेवले आणि शेजारी उभे राहिले. तिने खोडेपर्यंत ते हलले नाहीत.

रविवारी ते कर्नाळ्याला पक्षी-प्राणी पाहायला जात. त्याचीही वही होती. एकदा आम्ही चार-पाच जण त्यांच्याबरोबर गेलो. परतताना मी म्हटले, "आज शेकरू नव्हतं." सर थांबले. "आपण वर बघितलं होतं का?" मी नाही म्हटले. त्यांनी वही काढून शेकरूपुढे आडवी रेघ मारली आणि चालू लागले.

२०१३ च्या जूनमध्ये शाळेने एका कंपनीची ऑनलाइन शिक्षणप्रणाली घेतली. कंपनीचा तरुण प्रतिनिधी प्रात्यक्षिक द्यायला आला तेव्हा संस्थेचे सचिव, मुख्याध्यापिका आणि सगळे शिक्षक संगणक कक्षात बसले होते. प्रणालीत गणिताचे प्रश्न तीन पातळ्यांचे होते : सोपी, मध्यम, कठीण. प्रतिनिधी म्हणाला, "तुमच्या तुकड्या तीन, आमच्या लेव्हल तीन. 'अ'ला कठीण, 'ब'ला मध्यम, 'क'ला सोपी. एका क्लिकमध्ये पूर्ण तुकडीला असाइनमेंट जाते."

सचिवांना हे पटले. शाळेत तुकड्या गुणांवरून पाडलेल्या होत्या. 'क'मध्ये कोळीवाड्यातली, खाडीपलीकडच्या गावांतली आणि बांधकामावर काम करणाऱ्यांची मुले जास्त होती.

सरांनी हात वर केला. "ज्याला कठीण दिलंच नाही, त्याच्या नावापुढे कठीणच्या रकान्यात काय दिसेल?"

"झिरो, सर."

"झिरो का?"

"सेटिंग आहे तसं. रिकामं ठेवलं तर वर्षाचा रिपोर्ट अपूर्ण दिसतो."

"मग तो अपूर्णच आहे. अपूर्ण दिसू दे."

सचिव म्हणाले, "सर, रिपोर्ट संस्थेच्या मीटिंगमध्ये ठेवायचा असतो. भोकं असलेला रिपोर्ट कसा ठेवायचा?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही करून टाका ते."

पडद्यावर एक छोटा चौकोन होता. त्यापुढे लिहिले होते : 'रिकामी जागा शून्य धरावी.' मी त्यात खूण केली.

सगळ्यांना वाटले, आता सर संगणक कक्षाकडे फिरकणार नाहीत. झाले उलटे. प्रणालीची माहितीपुस्तिका शाळेत फक्त त्यांनीच पूर्ण वाचली. पाने छापून घेतली, सुतळीने शिवली, समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिले. मधल्या सुट्टीत डबा घेऊन ते कक्षात येत आणि एका बोटाने टंकत बसत. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. त्यांना हवे होते ते पान एकशे बाराव्या क्रमांकाचे होते. असाइनमेंट पूर्ण तुकडीला न देता निवडलेल्या मुलांना देता येते, असे त्यावर लिहिले होते.

"हे माझं कॅलेंडर आहे," सर म्हणाले. त्या दिवशी डबा त्यांनी परत नेला, तसाच भरलेला.

अडचण एक होती. सचिवांच्या सांगण्यावरून 'क'ला कठीण पातळी बंद ठेवली होती. 'क'मधल्या मुलाचे नाव निवडले, तरी कठीण प्रश्न त्याच्यापर्यंत जात नसत. सरांनी पुस्तिका पुन्हा वाचली. एक मूल प्रणालीत दोन तुकड्यांत असू शकते, हे त्यांना सापडले. ऑगस्टमध्ये त्यांनी मला आठवीची चौथी तुकडी तयार करायला सांगितली. तिन्ही पातळ्या खुल्या. मी केली. 'अ', 'ब', 'क' होत्या, म्हणून तिला 'ड' नाव दिले.

'ड'मध्ये सुरुवातीला 'अ' आणि 'ब'मधली बारा आणि 'क'मधली सात मुले होती. दिवाळीनंतर दर महिन्याला 'क'मधली आणखी काही घ्यायची आणि वर्ष संपेपर्यंत एकेचाळीसही जणांना कठीण पातळी एकदा तरी द्यायची, असा सरांचा बेत होता. नोंदवहीच्या मागच्या पानावर महिन्यांपुढे नावे लिहिलेली होती. सगळ्यांना एकदम का घालत नाही, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "तयार नसताना दिलं तर शून्य येईल. ते शून्य खरं असेल, पण ते माझं असेल."

त्या सातांत हर्षाली होती. तिच्या वडिलांची उरणजवळच्या करंजाला मासेमारीची बोट होती. शाळेसाठी ती पनवेलच्या कोळीवाड्यात आत्याकडे राहत असे. आत्या बाजारात मासळी विकत असे. बोटीचे इंजिन बंद पडले की मेकॅनिक येईपर्यंत दोन-दोन दिवस बोट धक्क्याला लागून राहते, म्हणून आपण इंजिनांचे शिक्षण घ्यायचे, असे तिने ठरवले होते. त्याला विज्ञान लागते हे तिला सरांनी सांगितले होते. सरांनी तिला दिलेला एक कॅलेंडरचा चौकोन तिने कंपासपेटीच्या झाकणात चिकटवला होता. त्यावर नारळी पौर्णिमा होती. ती तारीख चुकून आलेली नव्हती. ते पान सरांनी तिच्यासाठी जूनपासून राखून ठेवले होते.

ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात 'ड'ला कठीण पातळीच्या नऊ असाइनमेंट गेल्या. हर्षालीने नऊ सोडवल्या. सात बरोबर होत्या. 'क'मधल्या बाकीच्या सहा जणांपैकी प्रत्येकाने किमान चार बरोबर सोडवल्या. हे आकडे मी स्वतः पडद्यावर पाहिले आहेत.

दिवाळीनंतर सचिवांनी सहामाही अहवाल मागवला. मी छापून दिला. अर्ध्या तासाने ते कक्षात आले. अहवाल त्यांच्या हातात होता.

"ही 'ड' तुकडी कुठे बसते?"

"कुठेच नाही, साहेब. फक्त प्रणालीत आहे."

"मंजुरी कोणाची?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो समजावला. आठवीला शासनाची मंजुरी तीन तुकड्यांची होती. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती हा कागद पडला, तर संस्थेने विनामंजुरी तुकडी चालवली असे होईल. अहवालात सात मुलांनी काय केले होते, ते पान त्यांनी उलटलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सरांना लेखी ज्ञापन मिळाले : शासनाची मंजुरी नसताना इयत्ता आठवीची जादा तुकडी सुरू केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. सरांनी त्याच दिवशी खुलासा दिला. त्याची प्रत शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरली. 'सदर तुकडीस खोली, बाक, फळा व घंटा नाही. तिचे विद्यार्थी आपापल्या मंजूर तुकडीतच बसतात व तेथेच मार खातात. तुकडी बंद करावयाची असल्यास दार कोणते लावावे, हे कळवावे.' इतिहासाच्या शिक्षकांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. आम्ही हसलो. सरांच्या बाजूने लेखी मात्र कोणीही काही दिले नाही, मीही नाही.

आठवड्याने सचिव पुन्हा कक्षात आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "ती तुकडी काढून टाका." मी बटण दाबले. पडद्यावर सूचना आली : या तुकडीतील सर्व असाइनमेंट व गुण कायमचे पुसले जातील. मी ती त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "पुसले तरच बरं ना." मी 'हो'वर क्लिक केले. त्याच क्षणी त्या सात मुलांच्या नावापुढे कठीण पातळीच्या रकान्यात शून्य आले. 'क'मधल्या बाकीच्या चौतीस जणांपुढे ते जूनपासूनच होते.

सरांना मी संध्याकाळी सांगितले. ते वह्यांचा गठ्ठा बांधत होते. "नोंदवहीत आहेत," एवढेच म्हणाले. मग गाठ मारता मारता, "तुम्ही कागदावर छापून ठेवलं होतं का?" मी ठेवले नव्हते.

त्यानंतर सर कक्षात आले नाहीत. पुन्हा कात्री आली, कॅलेंडरे आली. 'क'मध्ये चौकोनांवर कठीण गणिते जात राहिली, पण चौकोन अहवालात धरले जात नव्हते.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी पालकसभेला सरांना बोलावले नव्हते. ते आले आणि मागच्या बाकावर बसले. मुख्याध्यापिकांनी कागद वाटले. दहावीच्या निकालाला धक्का नको, मुलांवर ताण नको, असे त्या म्हणाल्या. बऱ्याच पालकांनी बाकांवरच सह्या केल्या. काहींनी सही कुठे करायची एवढेच विचारले.

हर्षालीचे वडील करंजाहून पहिल्या बसने आले होते. आत्या शेजारी बसली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"बाई, ह्ये शून्य कसलं हाय?"

"कठीण प्रश्नांचं. तिला ते जमलेले नाहीत."

"तिला इच्यारा."

मुख्याध्यापिकांनी विचारायच्या आधीच दाराशी उभी असलेली हर्षाली म्हणाली, "दिवाळीनंतर मला कॉम्प्युटरवर आलेच नाहीत. त्याच्या आधी आलेले ते मी सोडवले."

सचिव म्हणाले, "बाळ, कॉम्प्युटरमध्ये तसं काही नाही. कॉम्प्युटर कोणाची बाजू घेत नाही."

आत्या उठली. "मंग तुमीपन घेऊ नका. पोरगी खोटी बोलते का?"

वडिलांनी तिला हाताने खाली बसवले आणि सचिवांना म्हणाले, "सायेब, आमी करंजाच्या धक्क्यावर लिलाव करतो. मासळीची पाटी बोटीतनं उतरलीच नाय, तर तिला भाव आला नाय असं कोन लिवत नाय. तुमी कसं लिवलं?"

सर मागून पुढे आले. नोंदवही त्यांनी टेबलावर उघडी ठेवली. "हिला नऊ दिली, सात बरोबर. तारखांसकट आहे. 'क'मधल्या बाकी चौतीस जणांना कॉम्प्युटरवर दिलीच नाहीत. त्यांच्यापुढे रेघ आहे. बघून घ्या."

"ही तुमची खासगी वही आहे, सर," सचिव म्हणाले.

"मग आत्ता फळ्यावर एक गणित देतो. तिला सोडवू दे."

"ही सभा आहे. परीक्षा नाही."

सर माझ्याकडे वळले. त्या दिवशीही त्यांनी अहो-जाहो सोडले नाही. "तुम्ही यंत्र चालवता. तुम्ही सांगा. शून्य आहे की रेघ?"

सचिव माझ्याकडे बघत होते. माझा करार तीस तारखेला संपत होता आणि नव्या करारावर त्यांची सही व्हायची होती. मी म्हणालो, "प्रणालीत शून्य दिसतं."

सरांनी नोंदवही मिटली. "प्रणालीत काय दिसतं, हे मी विचारलं नव्हतं."

हर्षालीच्या वडिलांनी सही न करता कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. 'ड'मध्ये असलेल्या आणखी तीन मुलांच्या पालकांनीही सही केली नाही. सदतीस पालकांनी केली.

मे महिन्यात सरांनी त्या सदतीस घरी जायला सुरुवात केली. शिफारस म्हणजे आदेश नव्हे, विषय निवडायचा अधिकार पालकांचा, सही मागे घेता येते, असे ते दारोदार सांगत. काही घरी त्यांना चहा मिळाला. एका घरी बाप म्हणाला, "सर, सही झाली आता. शाळा म्हणते ते काय उगाच म्हणते का?" अकरा पालकांनी सही मागे घेण्याचे अर्ज लिहून दिले. शाळेच्या कार्यालयाने मुदत संपल्याचे सांगून ते घेतले नाहीत. कागदावर मुदत छापलेली नव्हती. मे अखेरीस सर निवृत्त झाले. निरोप समारंभात मुख्याध्यापिकांनी त्यांना शाल आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरांचा गठ्ठा दिला. लोक हसले. सरांनी गठ्ठा घेतला आणि शाल खुर्चीवर राहिली.

माझा करार वाढवून मिळाला. पुढच्या वर्षी मी तो सोडला आणि एका दैनिकाच्या रायगड पानावर कामाला लागलो. तिथे पहिल्याच आठवड्यात मुख्य उपसंपादकांनी माझी एक बातमी परत केली. ज्याला आपण फोनच केला नाही, त्याने प्रतिक्रिया दिली नाही असे मी लिहिले होते. सरांना मी हे कळवले नाही. त्यानंतर त्यांची गाठ एकदाच पडली, ती त्यांच्या घरी. ते अंथरुणाला खिळले होते. आठवीचा विषय निघाला नाही. निघताना त्यांनी पत्नीला सांगून नोंदवही माझ्याकडे दिली. "तुमच्या धंद्यात कागद लागतात," असे म्हणाले. दोन महिन्यांनी ते गेले.

नोंदवही माझ्याकडे आहे. सही न करणाऱ्या चौघांनी नववीत नेहमीचे गणित घेतले. 'क'मध्ये त्याचे तास नसल्यामुळे ते 'ब'च्या मागच्या बाकांवर बसत. चौघेही दहावीला गणितात उत्तीर्ण झाले. हर्षालीला अठ्ठ्याहत्तर गुण मिळाले आणि तिने उरणच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेत प्रवेश घेतला.

मी शाळा सोडली त्या दिवशी प्रणालीत 'रिकामी जागा शून्य धरावी' या चौकोनात खूण होती. सामान्य गणित घेतलेल्या सदतीस जणांच्या नावापुढे कठीण पातळीच्या रकान्यात शून्य होते. त्यांपैकी तिघांनी कठीण असाइनमेंट सोडवल्या होत्या. चौतीस जणांना त्या दिलेल्या नव्हत्या.